खान हाय ना, तिकरं

खड्ड्यात तिघं पडली होती. काठावर निम्मी वस्ती गोळा झाली होती आणि खाली उतरायला कुणी तयार नव्हतं. ज्यांनी उतरायचं धाडस केलं, तेच खाली पडले होते.

बाई तळाशी एका कुशीवर होती. तिच्या नवऱ्याचा हात तिच्या खांद्याखाली अडकला होता. तिचा भाऊ दोघांच्या पायांशी उपडा पडला होता. खड्डा फार खोल नव्हता. उभा राहिलेला माणूस हात वर करून काठ धरेल, एवढाच. तळाला एक गंजलेलं पिंप कुदळीनं फुटलं होतं आणि त्यातलं पिवळट, तेलासारखं काहीतरी बाईच्या अंगाखाली साचलं होतं. वास घाण असता तर माणसं आधीच पळाली असती. पण त्याला बदामाच्या मिठाईसारखा वास होता.

मी खाकी साडीचा काठ कमरेला खोचला आणि एक पाय खाली सोडला. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला आणि मला मागं ओढलं. पोलिसाला असं धरायची सहसा कुणाची हिंमत होत नाही. वळून पाहिलं तर वस्तीतला भंगारवाला.

"बाय, उतरू नको. चौथी तू पडशील."

त्यानं तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि काठावर पोटावर आडवा झाला. भंगार ओढायचा लांब लोखंडी आकडा त्याच्या हातात होता. "माझे पाय धर," मला म्हणाला. मी धरले. आधी भाऊ निघाला, त्याच्या पट्ट्यात आकडा अडकवून. मग नवरा. बाई सगळ्यांत खाली होती. तिच्या ओच्यात आकडा घातला. साडी टरटर फाटत गेली, पण ओचा सुटला नाही. दहा हातांनी तिला वर घेतलं.

तिचे ओठ शाई प्यायल्यासारखे निळे होते.

"तिचं लुगडं काढ," भंगारवाला ओरडला. "कपड्यात हाय ते. अंगातून आत शिरतं. काढ आणि पानी वत वरून."

बायकांनी भोवती चादर धरली. मी साडी फाडूनच काढली आणि मिळेल त्या घागरीतलं पाणी तिच्यावर ओतत राहिले. तिघंही श्वास घेत होती. त्या वेळी तेवढंच पुरेसं वाटलं.

नोकरीत पुष्कळ पाहिलं, पण ते निळे ओठ आणि तो गोड वास डोक्यातून गेलेला नाही. म्हणून नोकरीतली एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगते.

साल ऐंशीच्या पुढचं. भोपाळ अजून घडायचं होतं. गॅस म्हटलं की माणसांना स्वयंपाकाचा सिलिंडर आठवायचा. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यात महिला शिपाई होते. शिक्षण सातवी. तेव्हा तेवढ्यावर भरती व्हायची. पुढे सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. खड्ड्यात बाई पडली आहे असा निरोप आला, म्हणून बाई शिपायाला पाठवलं. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

या हकिकतीत मी कुणाचं नाव देणार नाही. फक्त भंगारवाल्याचं आडनाव सांगावं लागेल, कारण सगळा घोळ त्यावरूनच झाला. तो खान. या आडनावाची माणसं हजारो आहेत, त्यामुळे त्याला काही त्रास होणार नाही. मूळचा उरणजवळच्या मोऱ्याकडचा, बापजादे तिथलेच. बोलायला आपल्यासारखाच मराठी.

आता त्या जागेबद्दल. त्याच रस्त्यावरच्या दिघा गावाला लागून रंग बनवणारा एक कारखाना होता. तो बंद पडला. त्या भागात नवं शहर उभं राहत होतं, जागा हवी होती. कारखान्याची जमीन परत घेऊन तिथं भाजीमंडई आणि दवाखाना बांधायचं ठरलं. पण कारखान्यानं वर्षानुवर्षं जमिनीत काय काय जिरवलं होतं, ते आधी काढायला हवं होतं. त्याचा खर्च कुणी करायचा यावर म्हणे बरेच दिवस भांडण चाललं. सरकारी कचेरी म्हणे, घाण तुमची, तुम्ही काढा. मालक म्हणे, कारखाना बुडाला, माझ्याकडे काय आहे? शेवटी तोड निघाली. मालकानं मोठी अनामत रक्कम कचेरीत ठेवायची. त्यानं ठेकेदार लावून पिंपं आणि खराब माती उचलायची, तळोज्याला एका कारखान्याच्या भट्टीत नेऊन जाळायची. जमीन साफ झाली असा दाखला मिळाला की अनामत परत. साफ झाली नाही, तर त्या अनामतीतून कचेरी साफ करून घेणार.

दाखला मिळाला होता. वरून चांगला लाल मुरूम पसरला होता. तपासायला आलेल्या माणसानं बुटानं मुरूम उकरून पाहिला असेल, त्याखाली कोण बघतो? मंडईच्या पायाचं खोदकाम सुरू झालं. मराठवाड्यातून आलेलं हे नवरा-बायकोचं जोडपं आणि बाईचा भाऊ त्या कामावर होते. मालकाची अनामत त्याच आठवड्यात मोकळी होणार होती.

तिघांना ठाणे शहरातल्या सरकारी इस्पितळात पोचवून मी परत आले तर खान आमच्या ठाण्यात बाकावर बसलेला. आणलेला. त्याची हातगाडी आणि आकडा मुद्देमाल म्हणून जमा झाला होता.

आमचे फौजदार वयानं लहान, हुशार आणि घाईचे. खान म्हटल्यावर त्यांनी हिंदी सुरू केली.

"तेरे को कैसे मालूम, कपडे में है?"

"साहेब, मराठीत विचारा. माझी हिंदी तुमच्यासारखीच हाय."

जबाब लिहिणारे रायटर हवालदार खोकले. फौजदारांनाही हसू येत होतं, म्हणून त्यांनी आवाज चढवला.

"मराठीत सांग मग. तुला कसं माहीत?"

"त्या कंपनीतून मागं एक रिकामा ड्रम घेतलेला. धुवायला गेलो, अंगावर उडालं. बायको म्हनाली, काय शाई प्यायलास? लई दिवस पडून होतो. तवापासून त्या गेटसमोरनं जात नाय."

"म्हणजे ड्रम घेत होतास."

"एक."

"एक कबूल. बाकीचे?"

खानानं नुसते हात झाडले. चौकशीत मी हे पुष्कळदा पाहिलंय. खोटं बोलणारा मोजकं बोलतो. खरं बोलणारा मोकळेपणानं सगळं सांगत सुटतो आणि आपल्याच सांगण्यात अडकतो. खानानं एक पिंप घेतल्याचं सांगितलं नसतं तर त्याच्यावर काहीच आलं नसतं.

खरी गाठ मारली ती एका म्हाताऱ्यानं. शेजारच्या प्लॉटवर तो रखवालदार होता, गावातलाच, आगरी. तो स्वतःहून ठाण्यात आला. खबर देणारा स्वतःहून आला की पोलीस खूश होतात. त्यानं सांगितलं की ठेकेदाराच्या ट्रकमधून पिंपं जाताना त्यानं पाहिली होती, ती तळोज्याच्या बाजूला गेलीच नाहीत.

"मग कुठं गेली?" फौजदारांनी विचारलं.

"खान हाय ना, तिकरं."

"खान?"

"हां, खान. सगला माल तिकरंच."

फौजदारांनी टेबलावर हात आपटला. रायटर हवालदारांनी जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. म्हातारा जरा कमी ऐकायचा. मान डोलावून त्यानं अंगठा दिला आणि गेला. खानाला अटक दाखवली. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं करून पोलीस कोठडी मागायची ठरली. त्याच्या वाड्यावर झडती झाली. पत्रे, सायकलींचे सांगाडे, बाटल्या. त्या कारखान्याचं पिंप एकही नाही.

"विकले असतील," फौजदार म्हणाले. "कुणाला विकले ते कोठडीत सांगेल."

संध्याकाळी मालक आला, बरोबर ठेकेदार. मालक सभ्य माणूस. आवाज हळू, पांढरा शर्ट. त्याला तिघांची चौकशी करायची होती, असं तो म्हणाला. केलीही. मग आमच्या मोठ्या साहेबांच्या, म्हणजे इन्स्पेक्टरांच्या, केबिनमध्ये बसून त्यानं खरं काम सांगितलं.

"साहेब, आम्ही माल व्यवस्थित भरून दिला. वाटेत चोरी झाली त्याला आम्ही काय करणार? तुमचं एक पत्र मिळालं की भंगारवाल्यानं चोरी केली, तर कचेरीतलं आमचं काम अडणार नाही."

"आणि खड्ड्यातलं पिंप?"

"ते चुकून राहिलं असेल. एखादं राहतं."

"टेन्शन घेऊ नका साहेब," ठेकेदार मध्येच म्हणाला, "आपन आहोत ना."

मी तिथं पाण्याचे ग्लास उचलत होते. मोठे साहेब 'बघतो' म्हणाले. हो म्हणाले नाहीत, आणि मला बरं वाटलं. पण 'बघतो' म्हणजे नाही असंही नव्हतं. खानावर चोरी लागली तर पत्र द्यावंच लागणार होतं. पत्र गेलं की अनामत मालकाच्या खिशात, आणि उरलेली घाण उचलायला कुणाच्याही घरचा पैसा येणार नव्हता, एवढं मला सातवीच्या शिक्षणावरही कळत होतं.

मला त्यापेक्षा वेगळी काळजी होती. इस्पितळातून निरोप आला होता. दोघे पुरुष शुद्धीवर आले होते. बाई खालावत चालली होती. तिचं अंग सगळ्यांत जास्त भिजलं होतं. ऑक्सिजन लावूनही ओठ निळेच. रक्त काढलं तर ते चॉकलेटच्या रंगाचं निघालं. मी जबाब घ्यायला गेले तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "यावर एक इंजेक्शन आहे. पण माझा अंदाज चुकला आणि आत दुसरंच विष असलं, तर तेच इंजेक्शन तिला मारेल. मला त्या रसायनाचं नाव आणून द्या. लवकर."

नाव कुणाकडे? फुटलेल्या पिंपावरची अक्षरं गंजून गेली होती. कारखान्याचे जुने कामगार दिघ्यातच राहत होते, मी त्यांच्याकडे गेले. ते त्या रसायनाला बदामतेल म्हणायचे. "बदामतेलच हो बाई, दुसरं नाव आम्हाला कोण सांगतंय?" मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे साबणाचा सोडा आणि साधे रंग. विषारी काही नव्हतं." जमीन साफ आहे म्हणून दाखला घेतलेला माणूस दुसरं काय सांगणार? नाव सांगितलं असतं तर दाखलाच खोटा ठरला असता.

बाकीची पिंपं सापडायला हवी होती. एखाद्यावर तरी नाव शाबूत असेल. आणि पिंपं कुठं आहेत ते फक्त खानाला ठाऊक आहे, असं सगळे धरून चालले होते. लॉकअपच्या गजांपाशी जाऊन मी त्याला स्पष्ट विचारलं.

"ती बाई मरतेय. ड्रम कुठं आहेत ते सांग. चोरीचं पुढचं पुढे बघू."

"बाय, तिला वर काढताना तू माझे पाय धरलेलेस. मला ठाऊक असतं तर तुला सांगायला मी काय मागितलं असतं?"

मी गजांपासून मागं फिरले. रागही आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात न्यायचं होतं.

सकाळी माझी ड्यूटी खड्ड्यापाशी लागली, बरोबर एक जुने हवालदार. दोरी बांधली होती, तरी पोरं आत डोकावायला यायची. त्यांना हाकलत होते तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी आली. निवट्या, म्हणजे खाडीतली मासळी, विकायला ती रोज वस्तीत यायची. नऊवारी गुडघ्यापर्यंत, कमरेत खोचलेली. टोपली उतरवून ती दोरीपाशी उभी राहिली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाय, तू पोलीस ना?"

"दिसत नाही का?"

"मंग त्या खानीचा काय ता बघ. आमी कोनाला सांगाचा?"

माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मी म्हटलं, "खानाचं बघितलंय मावशी. त्याला लॉकअपमध्ये टाकलाय."

म्हातारीनं तोंडावर हात ठेवला.

"लॉकपान टाकली? खान? कशी टाकली गो? येवरी मोठी खान!"

हवालदार फिसकन हसले. मी म्हटलं, "मावशी, खान म्हणजे तो भंगारवाला."

"भंगारवाला नाय गो! तो मानूस येगला. दगराची खान! पयले सुरुंग लावाचे ती. पानी साचलंय तिच्यान, आमी धुना धुताव तिकरं. आता त्या पान्यान कोनी काय टाकलाय, कपऱ्यांना कसला वास मारतंय. हुंग."

आणि तिनं आपला धुतलेला पदर सरळ माझ्या नाकाला लावला.

बदाम.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला असं म्हणणार नाही. आधी मी तिला तीनदा विचारलं. खान की खाण? ती चिडली. "खानच बोलतंय ना मी!" मी देशावरची. आमच्याकडे खाण ती खाण आणि खान तो खान. इथल्या जुन्या गावांत ण नाही, तिथं पाण्याचं पानी होतं आणि खाणीची खान. आमच्या ठाण्यात सगळे बदलीवर आलेले. कुणी साताऱ्याचे, कुणी जळगावचे. म्हाताऱ्या रखवालदारानं दगडाची खाण सांगितली होती, आणि आम्ही माणूस धरून आणला होता.

बंद पडलेली ती खाण दिघ्याच्या मागं डोंगराच्या अंगाला होती. मी आणि हवालदार निघालो, म्हातारी टोपली तिथंच टाकून आमच्या पुढे. वाटेत तिचं चालूच. "लॉकपान टाकली म्हनं!"

खाणीच्या काठावर बायका कपडे आपटत होत्या. पोरं पाण्यात पाय सोडून बसली होती. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग. पलीकडच्या बाजूला, जिथून ट्रक मागं घेता येतो तिथं, उतारावर पिंपं. काही पाण्यात बुडालेली, काही दगडांत अडकून कोरडीच राहिलेली. हवालदार एवढ्या मोठ्यानं ओरडले की वर घारी उडाल्या. "निघा सगळे! कपडे राहू द्या, निघा!" एका बाईनं उलट विचारलं, "आनि साबन?" तिला म्हातारीनं जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही. बाई लगेच निघाली.

मी दगड धरून धरून उतरले. एका कोरड्या पिंपाच्या झाकणावर पांढऱ्या रंगात इंग्रजी नाव होतं, नुकतं लिहिल्यासारखं. मला इंग्रजी अक्षरं ओळखू येतात, पण एवढं लांब नाव उतरवताना एखादं अक्षर सुटलं तर? नाव उतरवायच्या भानगडीत मी पडलेच नाही. झाकणाला कडं होतं. हवालदारांनी वरून पहार टाकली, मी कडं ठोकून काढलं, हाताला फडकं गुंडाळून झाकणच घेतलं आणि गोणपाटात घातलं.

"अगं, पंचनाम्याआधी?" हवालदार म्हणाले.

"तुम्ही पंच बोलवा. मी जाते."

रस्त्यावर खडीचा एक ट्रक थांबवला. ड्रायव्हरनं गोणपाटाकडे पाहून विचारलं, "काय आहे ताई? वास भारी येतोय." मी म्हटलं, "विष आहे. काच खाली कर आणि गाडी पळव." त्यानं पळवली.

डॉक्टरांनी झाकण वाचलं. "हेच," म्हणाले आणि नर्सला हाक मारली. ते इंजेक्शनही निळंच होतं. निळ्या पडलेल्या माणसाला निळं औषध, हे मला आजही विचित्र वाटतं. डॉक्टरांनी ते सावकाश शिरेतून दिलं. बाईचा नवरा शेजारच्या खाटेवर उठून बसला होता. तो तिच्या ओठांकडे बघत होता. मीही तेच बघत होते. बऱ्याच वेळानं मला वाटलं, उजेडाचा फरक असेल. मग नर्स म्हणाली, "रंग येतोय." खरंच येत होता. आधी आतल्या कडेला, मग सगळा. बाईनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते भावाबद्दल. "त्याला सांगितलं होतं, उतरू नको म्हणून."

मी बाहेर जाऊन बाकावर बसले.

ठाण्यात परतले तेव्हा मोठे साहेब उभे होते. पंचनामा करून हवालदारही आले होते.

"पंचनाम्याआधी मुद्देमाल हलवलास?"

"एक झाकण हलवलं, साहेब. पंचनाम्याला पुष्कळ राहिली होती."

त्यांनी विचारलं, "बाई कशी आहे?"

"बोलली."

"मग जा, चहा घे," म्हणाले.

म्हाताऱ्या रखवालदाराला पुन्हा बोलावलं. फौजदारांनी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, "बाबा, तुम्ही काल खान म्हणालात ना?"

"मंग? खानच बोललो."

"आम्ही भंगारवाला समजलो."

"खानभाई?" म्हाताऱ्याला पहिल्यांदा ती भानगड समजली. "तो कशाला न्हेल? तो तं त्या कंपनीचा खिला पन घेत नाय!"

रायटर हवालदार हटून बसले. "त्यानं खान सांगितलं, मी खान लिहिलं. माझी चूक दाखवा." आम्ही जबाब काढून पाहिला. त्यात होतं, 'सदरचा माल खान याच्याकडे नेला.' म्हातारा 'याच्याकडे' म्हणालाच नव्हता. तेवढा एक शब्द हवालदारांनी पदरचा घातला होता, वाक्य नीट व्हावं म्हणून. त्या एका शब्दावर खान तुरुंगात गेला असता आणि मालक अनामत घेऊन मोकळा झाला असता.

ठेकेदार दुसऱ्याच प्रश्नाला फुटला. कसला बेरकी माणूस, पण पिंपाचं झाकण टेबलावर पाहून मऊ पडला. "साहेब, तळोजा लांब पडतं. भट्टीवाला पन वजनावर पैसे घेतो. खान... म्हणजे खाण... रिकामीच होती." काही पिंपं तर तेवढीही हलवली नव्हती, जागेवरच पुरून वर मुरूम टाकला होता. मालकाला हे ठाऊक होतं का? तो नाही म्हणाला. नाव लपवलं ते मात्र त्यानंच. दोघांवर गुन्हा दाखल झाला. विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणा, दुखापत, खोटा दाखला. खटला कित्येक वर्षं रेंगाळला आणि शेवटी शिक्षा झाली ती किरकोळच.

खानाला कोर्टात नेण्याऐवजी पुरावा नाही म्हणून सोडल्याचा अहवाल पाठवला. फौजदारांनी त्याच्यासाठी चहा मागवला. माफी मागायची आमच्यात पद्धत नव्हती, चहा मागवायची होती.

खान म्हणाला, "चहा नको. ती बाई?"

"जगली," मी म्हटलं.

"मग माझी गाडी द्या."

हातगाडी दिली. आकडाही दिला. दारातून तो परत वळला. "साहेब, पुढच्या वेळी हिंदीतच विचारा. मराठीत विचारलंत म्हणून घोळ झाला." आणि हसत गेला. असं हसणं सगळ्यांना जमत नाही.

पैशाचं काय झालं तेही सांगते, कारण लोक खटल्याबद्दल विचारतात आणि हे विसरतात. आमच्या साहेबांचं पत्र कचेरीत गेलं, पण मालकाला हवं होतं ते नव्हे. अनामत अडकली. त्यातून खाणीतलं पाणी पंपानं काढून टँकरनं नेलं, पिंपं क्रेननं उचलली, प्लॉटवरची माती पार खालपर्यंत खरवडून ट्रकांनी तळोज्याला भट्टीत गेली. या वेळी प्रत्येक ट्रकबरोबर एक शिपाई बसायचा. कधी मीही बसले. अनामत पुरली नाही. मग पुन्हा भांडण. अर्धं काम करून थांबावं का, वरून काँक्रीट ओतावं का, मंडई दुसरीकडे न्यावी का? शेवटी कारखान्यातली यंत्रं आणि लोखंड जप्त करून लिलावात काढलं. लिलावाला खान आला होता. बोली लावण्याआधी त्यानं सगळ्यांसमोर अट घातली, "आधी धुवून द्या. मग पैसे." धुवून दिलं. लोखंडाच्या एका ढिगावर त्याची बोली सगळ्यांत वरची निघाली. ज्याला आम्ही घाण लपवल्याबद्दल धरलं होतं, त्याचे पैसेही ती घाण काढण्यात गेले.

माणसाला तुरुंगात टाकलं म्हणून जमीन साफ होत नाही. जमीन पैशानं साफ होते, आणि तो पैसा घाण करणारा निघून जायच्या आत त्याच्याकडून धरून ठेवावा लागतो. तो गेला की मागं राहणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. त्या अनामतीची अट कुणी घातली मला माहीत नाही. कुठल्या तरी कारकुनानं किंवा साहेबानं घातली असेल. ती नसती तर आम्ही कितीही पंचनामे केले असते, तरी ती पिंपं आजही त्या खाणीत असती.

दुसरं मी शिकले ते जबाबाबद्दल. माणूस बोलतो तसं लिहा. नीट करायला जाऊ नका. समजलं नाही तर पुन्हा विचारा, त्यानं आपला मोठेपणा कमी होत नाही. पुढे माझ्या हाताखाली जी पोरं-पोरी आली, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायची, आणि ती म्हातारी कशी म्हणाली, "येवरी मोठी खान लॉकपान टाकली," तेही सांगायची. हसायची पोरं. लक्षात राहायचं.

त्या प्लॉटवर आता मंडई आहे. मी भाजी तिथूनच घेते. दवाखाना नंतर झाला, लहान आहे, पण चालतो. मंडई सुरू झाली त्या वर्षी एका गाळ्यासमोर कुणीतरी "जयभीम, ताई" म्हणालं. वळून पाहिलं तर तो नवरा. शेजारी ती बाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मला ओळखून हसली. मी तिच्या ओठांकडे पाहिलं. पानानं लाल होते.

खाणीवर कपडे धुणाऱ्या बायकांपैकी आणि पोरांपैकी बऱ्याच जणांची डोकी दुखली, काहींची नखं निळी झाली, त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. सगळे घरी गेले. खड्ड्यात पडलेली तिघंही जगली.